दीड बोट

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की महिनाभरात कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवतं. "टायवाल्या सरांच्या गोष्टी ऐक एकदा आपल्या सरांकडून." मग मी सांगतो. बरं सांगतो, असं लोक म्हणतात. त्यांचा आवाज काढतो, हाताची बोटं जुळवून समोरच्याच्या छातीवर ठेवून दाखवतो, आणि स्टाफरूम हसून हसून लोळते. मी एरवी फार बोलणारा माणूस नाही. पण सरांच्या गोष्टींवर मी अठरा वर्षं बोलका राहिलो आहे.

या गोष्टी मी सगळ्यांत पहिल्यांदा कुठे सांगितल्या, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

सर आणि मी आखाडा बाळापूरच्या एका शाळेत एकाच वर्षी लागलो. शाळा विनाअनुदानित. दोघांचंही गणित-विज्ञान. मानधन नावापुरतं, आणि मान्यता आज येईल, उद्या येईल, असं वरून सांगितलं जायचं. माझ्यापेक्षा ते पाच-सहा वर्षांनी मोठे. उंच, वाळलेले, गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसायची. पांढरे शर्ट दोनच, पण त्यावर रोज टाय. एप्रिलातसुद्धा. बाजारच्या दिवशी टाय लावून ते भाजी घ्यायला उभे राहिले की खेड्यापाड्यांतून आलेले म्हातारे त्यांना हात जोडायचे. एकाने तर विचारलंच होतं, "वकीलसाहेब, आमच्या बांधाच्या भांडणाची तारीख कवा लागून राहिली?" सरांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, मी गणिताचा मास्तर हाय. पण बांध मोजून द्यायचा असंल तर येतो."

लोकांना वाटायचं, टाय लावणं हा त्यांचा छंद आहे. तसं नव्हतं. टाय सगळेच लावतात, असं ते म्हणत. त्यांचा सगळा जीव होता टायच्या रुंदीत.

"लांबी चुकली तर माणूस गबाळा दिसतो, सर," ते मला सांगत. "रुंदी चुकली तर माणूस दुसऱ्याचाच दिसतो."

माप बोटांत. टेप त्यांना चालत नसे. आधी माणसाचे खांदे बघायचे, मग कॉलरची टोकं एकमेकांपासून किती लांब पडली आहेत ते बघायचं, मग जबडा. शेवटी उजव्या हाताची बोटं जुळवून छातीच्या मधोमध आडवी ठेवायची. बारीक अंगाच्या माणसाला साडेतीन. मध्यम अंगाला चार. भरदार असेल तर चारावर एक नख. अंगठा लावायची वेळ आली, म्हणजे पाच झाली, की ती टाय त्यांच्या मते माणसाची राहत नाही. पहिलवान असेल तर गोष्ट वेगळी.

माप घेताना आपण सगळेच नकळत छाती फुगवतो. सर बोटं तशीच ठेवून थांबायचे. "श्वास सोडा. रोखलेल्या श्वासाचं माप खोटं येतं." मुलांनाही हेच, मुख्याध्यापकांनाही हेच. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे टक लावून ते मला कानात सांगायचे, "चार. ठोक चार." कंडक्टर साडेतीन. आमचे पीटीचे सर पाच. शाळेच्या अध्यक्षांचं माप मात्र त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "काहून माझ्या पोटावर पाय आणून राहिले?"

हे वेड त्यांना तेव्हाच्या औरंगाबादेत लागलं. बी.एड. करताना संध्याकाळी एका कोट शिवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाकडे ते काज-बटणाला बसायचे. उस्ताद म्हणायचा, "मियाँ, कोट का कॉलर देखो, टाय उतनीच रखो. दोनों सगे भाई दिखना." सर उस्तादाची नक्कल करताना डोळे मिटून मान डोलवत. पण त्यांच्या हातातली शिवण उस्तादाची नव्हती. ते पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे. आईला ते याडी म्हणत. याडीच्या हातचा टाका इतका बारीक, की कापड उलटं केलं तरी दोरा कुठून आला न् कुठं गेला ते सापडत नसे. "माप उस्तादाचं, टाका याडीचा," असं ते स्वतःच्या टायकडे बोट दाखवून सांगत. याडीच्या हातची भाकरी मीही खाल्ली आहे. मी जेवत असताना त्यांनी माझ्या शर्टाच्या कॉलरचा उसवलेला कोपरा, शर्ट अंगावर असतानाच, शिवून टाकला होता.

टाय विकत कोण घेणार? बाळापूरच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग पडायचा. सर त्यात कोपरापर्यंत हात घालायचे. कुठल्या कुठल्या देशांतल्या टाय निघायच्या. काही तळहातापेक्षा रुंद, काही नाडीएवढ्या. रुंद निघाली की सर खूश. घरी नेऊन मागची शिवण उसवायची, आतलं जाड अस्तर कापायचं, कापड पुन्हा दुमडायचं, याडीच्या टाक्यानं बंद करायचं. नाडीएवढी निघाली की परत ढिगात. "रुंदाची अरुंद होते, सर. अरुंदाची रुंद न्हाई होत. म्हणून कात्री लावताना हात आखडता ठेवायचा."

एका वर्षी अध्यक्षांच्या मनात आलं की सव्वीस जानेवारीला सगळ्या शिक्षकांनी टाय लावून उभं राहावं. चौदा टाय आल्या. तांबड्या, चकचकीत, सगळ्या सारख्या, सगळ्या पाच बोटी. शनिवारी वाटल्या आणि सरांचा चेहरा उतरला. "इस्त्री करून आणतो," असं सांगून त्यांनी सगळ्या गोळा केल्या, तांड्यावर नेल्या, आणि सोमवारी प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावून परत आणल्या. मायलेकांनी रविवारच्या एका दिवसात तेरा टाय उसवून, कापून, शिवल्या होत्या. पीटीच्या सरांची तेवढी जशीच्या तशी. कापून उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं? याडीनं तुकड्याला तुकडा जोडून एक पंधरावी टाय केली. ती शिपाईमामाला.

झेंडावंदनाला अध्यक्ष आले, ओळीवरून नजर फिरवली आणि मामापाशी अडकले. "चौदा पाठवल्या होत्या. ही पंधरावी कुठून आली?"

"चौदातून उरली, साहेब," सर म्हणाले.

अध्यक्ष बराच वेळ मामाकडे बघत राहिले. मामानं छाती इतकी पुढे काढली होती की आता शर्टाचं बटण उडतंय का काय असं वाटलं. मग अध्यक्ष हसले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "पण आज सगळे कसे आपापल्या जागी दिसून राहिलेत." ते वाक्य सरांना कुणीतरी जाऊन सांगितलं. सर दोन दिवस नुसते तरंगत होते.

आणि ते लग्न. ही गोष्ट मी सगळ्यांत जास्त वेळा सांगितली आहे. आमच्याच एका सहकाऱ्याच्या भावाचं, सेनगाव तालुक्यात. भर दुपारचा मुहूर्त. नवरदेव शेतात राबलेला, मान खांद्यात रुतलेली, असा आडवा गडी, आणि त्याच्या गळ्यात दोन बोटांची टाय. लांबून वाटावं, कुणी दावं बांधलंय. सर पहिल्या रांगेत बसून चुळबुळ करायला लागले. मी त्यांचा हात धरला. "सर, लग्न आहे. बसा." ते बसले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि शेजारची खुर्ची रिकामी. बघतो तर सर मांडवात, पिशवीतून टाय काढताना. पिशवीत त्यांच्या नेहमी दोन असायच्या.

नवरीचा मामा खवळला. "ओ! कोण हाय हे? काहून चढून राहिले वर?"

"दोनच मिनिटं. नवरदेवाची टाय बदलायची हाय."

"अहो, मुहूर्त टळून राहिला न बाप्पा!"

"मुहूर्त आज टळंल तर भटजी दुसरा काढतील. फोटो जलमभर भिंतीवर राहतो."

भटजी थांबले. नवरदेव बिचारा इतका घाबरला होता की त्यानं आपण होऊन मान पुढे केली. सरांनी त्याची जुनी सोडली, पिशवीतली बांधली, छातीवर बोटं ठेवून म्हणाले, "श्वास सोडा, नवरदेव." तेवढ्यात अंतरपाटामागून नवरीचा आवाज आला, "झालं का? हार धरून माझे हात भरून आले!" अख्खा मांडव फुटला. अक्षता हसतच पडल्या.

तो फोटो मी पुढं त्या घरी पाहिला. खरं सांगायचं तर, नवरदेव देखणा दिसतो.

आता ती दुसरी गोष्ट.

पाच वर्षांनी शाळेला एका पदाची मान्यता आली. गणित-विज्ञान. एकच. उमेदवार आम्ही दोघं. संस्थेची मुलाखत, टाय लावून यायचं असा निरोप. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं, चांगल्या मनानंच, आणि सांगितलं, "मनाला लावून घेऊ नका. अध्यक्षांच्या मनात टायवाले सर आहेत. त्यांच्या वर्गाचा गणिताचा निकाल तुम्ही बघितलाच आहे." बघितला होता. माझ्यापेक्षा ते चांगले शिकवत होते. त्यांना बायको होती, दोन लेकरं होती, याडी होती. माझं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलीकडच्यांचा एकच प्रश्न होता, नोकरी पक्की का? मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही. मला झोप लागली. सकाळी हिंगोलीला जाऊन एक नवी टाय घेतली. जांभळट, चमकणारी. मला वाटलं, रुंद असली म्हणजे भारदस्त दिसेन.

शाळेच्या व्हरांड्यात सर आधीच आले होते. माझी टाय बघून उभेच राहिले.

"हे काय घातलं?"

"नवी आहे."

"पाच बोटं हाय ती! तुमची छाती साडेतीनाची. आत आधी टाय जाईल, मागून तुमी." त्यांनी बोटं माझ्या छातीवर ठेवली. माझा श्वास अडकलेला होता. "श्वास सोडा, सर. मुलाखत हाय, ऑपरेशन न्हाई."

मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातली सोडली. गडद निळी, साडेतीन बोटांची, अंगानं आम्ही दोघं तेव्हा सारखेच होतो. ती माझ्या गळ्यात बांधली, गाठ नीट केली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. त्या दिवशी त्यांची पिशवी घरी राहिली होती. टाय तर सक्तीची. त्यांनी माझी जांभळी उचलली आणि स्वतःच्या वाळक्या छातीवर बांधली. फळीला गालिचा टांगावा तशी दिसत होती. त्यांना ते दिसत होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं इतकं त्यांना दिसत होतं.

मी म्हणालो, "सर, तुमचं काय?"

"माझं चालतं. माझं काम त्यांनी पाहिलेलं हाय. तुमाला अजून कुणी नीट पाहिलं न्हाई."

आधी मला बोलावलं. चार जण बसले होते. दोन-तीन प्रश्न विचारले, मी कशीबशी उत्तरं दिली. मग अध्यक्ष मागे रेलून म्हणाले, "तुमचे ते सर कसे आहेत हो? तुम्ही सोबत असता. मुलं काय म्हणतात?"

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. चांगले आहेत, एवढंच. ते वाक्य माझ्याकडे होतं. मी ते बोललो नाही. मी लग्नाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच सांगत होतो, पण कशी रंगली! मामाचा आवाज काढला, नवरीचा काढला. चौघं हसायला लागले. मग मी बोटं जुळवून छातीवर ठेवून दाखवली. "मुलांची पण मापं घेतात, साहेब. एस.टी.त अनोळखी माणसांची घेतात." एक जण डोळे पुसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मोठी माणसं माझ्या बोलण्यावर हसत होती. थांबवेना. आणि निघताना, दारावर हात असताना, मी म्हणालो, "आणि एवढं टायचं शास्त्र सांगतात, आज स्वतः काय घालून आलेत ते बघा."

बाहेर आलो. सर उठले, मला डोळ्यांनी विचारलं, कशी झाली? मी मान हलवली. ते आत गेले. दार लागायच्या आधीच आतून हसण्याचा फवारा आला. ते अजून बसलेही नसतील.

पाच मिनिटांत बाहेर. चेहऱ्यावर राग नव्हता. कसला तरी हिशेब मनात मांडत असावेत तसे दिसत होते. म्हणाले, "हसले हो ते. काय विचारायचं त्यांना सुचलंच न्हाई, नुसते टायकडं बघून हसू दाबून राहिले." मग म्हणाले, "दीड बोट. दीड बोटाचा फरक पडला. मला ठाऊक असून मी गेलो. चूक माझीच हाय."

मी बोटांनी गाठ चाचपली. गळ्यात त्यांची टाय होती.

नेमणूक मला मिळाली. कदाचित तशीही मिळाली असती, आणखी काही कारणं असतील, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी सांगितलेलं मी विसरू शकलो नाही. सरांनी माझं अभिनंदन केलं, परीक्षा संपेपर्यंत शिकवलं आणि शाळा सोडली. निळी टाय परत द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. तुमाला बसली हाय." त्यांनी औंढ्याला कपडे शिवायचं दुकान टाकल्याचं कळलं. शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट. औंढा काही दूर नाही. मी अठरा वर्षं गेलो नाही. नागनाथाच्या दर्शनालासुद्धा घरच्यांना पुढे पाठवायचो आणि काहीतरी काम काढायचो. गोष्टी मात्र सांगत राहिलो. त्यातून मी त्यांची आठवण जपतोय असं लोकांना वाटायचं. मलाही कधीकधी वाटायचं.

गेल्या महिन्यात मी मुख्याध्यापक झालो. सत्काराला टाय लावा, असा शिक्षकांचा हट्ट. बायकोनं कपाटाच्या तळातून निळी काढली. "ही कुणाची? कधी लावलेली बघितली नाही."

"सरांची. टायवाल्या."

"अगं बाई, ज्यांच्या गोष्टी सांगता त्यांची? मग परत नाही केली इतकी वर्षं?"

मी टाय न लावताच सत्कार घेतला, आणि पुढच्या रविवारी औंढ्याला गेलो.

दुकान बसस्टँडवरून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एक मशीन, एक बाकडं, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या टाय. सर पांढरे झाले आहेत, चष्मा दोरीला बांधलेला, गळ्यात टाय. मला बघताच उभे राहिले. "या या या! सर! अहो, केवढे झाले तुमी!" बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. जणू मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो.

दुकानात एक जोडपं होतं. नवरा दूध डेअरीत, वरच्या जागेसाठी मुलाखत होती. बोलत होती ती बायको. "भाऊ, हीच द्या. कशी भरदार दिसतीय. माणूस साहेब वाटला पाहिजे."

"ताई, साहेब वाटायला माणूस पुरतो. टायनं फक्त मधी येऊ नये," सर म्हणाले. "यायच्या छातीला तीन बोटं न् एक नख. त्याच्यावर न्हाई."

"पण रुंद असली तर बिघडतं काय?"

सरांनी भिंतीकडे बोट केलं. सगळ्या ओळींपासून वेगळ्या एका खिळ्यावर एक टाय एकटीच टांगलेली होती. जांभळट. चमक गेलेली. मी ती ओळखली.

"ती बघा. पाच बोटी हाय. ती घालून मी मुलाखतीला गेलतो. बसायच्या आधीच साहेब लोक हसले. दीड बोट जास्त होतं, ताई. दीड बोटानं नोकरी गेली माझी." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. वर्गात उदाहरण सोडवून दाखवताना बोलायचे तसं बोलत होते. किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल ते. मग वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विचारा या सरांना. हे होते तिथं. बराबर का न्हाई, सर?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. नवराही.

मान हलवली असती की झालं असतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "बरोबर नाही."

"म्हणजे?"

"ते टायला हसले नव्हते. म्हणजे टायलाच हसले, पण मी सांगितलं म्हणून हसले. तुमच्या आधी मी आत होतो. त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं. मी लग्नाची गोष्ट सांगितली. नकला केल्या. आणि येताना म्हणालो, आज काय घालून आलेत ते बघा." मी तिथे थांबलो नाही. "मुख्याध्यापकांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, नाव तुमचं आहे म्हणून."

सरांचा हात माझ्या खांद्यावरून कधी निघाला कळलं नाही.

"टाय माझी न्हाई, तुमची हाय, माझी गळ्यातली काढून तुमाला दिली, हे सांगितलं होतं?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

बायकोला राहवलं नाही. "अन् तुमी इतकी वर्षं गप बसले व्हय? वा रे मास्तर! यायनं गळ्यातली काढून दिली, अन् तुमी..."

"ए, चल. आपलं काय त्यात," नवरा पुटपुटला.

"काहून गप बसू? तुमाला असा दोस्त मिळाला तर कळंल."

मी खाली बघत होतो. तिचं बरोबर होतं. अठरा वर्षं मला कुणी असं बोललं नव्हतं, आणि ऐकताना माझ्या लक्षात आलं की मी त्याचीच वाट बघत होतो.

सर स्टुलावर बसले होते. चष्मा काढून टायच्या टोकानं पुसत होते. मग म्हणाले, "लई लोकायला सांगितली मी ही गोष्ट. नवरदेवायला सांगितली. याडीला सांगितली. याडी म्हणायची, एवढ्याशा कापडानं माणसाची नोकरी जात न्हाई, दुसरं काहीतरी असंल. मी तिला म्हणायचो, तुला त्यातलं काय कळतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती तुमची लई वाट बघायची. ते सर काहून येत न्हाईत आता, म्हणायची."

याडी आहेत का, हे मला विचारावं लागलं नाही.

मग ते उठले. बायकोच्या हातातली रुंद टाय काढून घेतली आणि बारकी तिच्यापुढे ठेवली. "ताई, गोष्ट चुकीची निघाली. माप बराबर हाय. हीच घ्या."

तिनं ती घेतली. निघताना दारात वळून विचारलं, "भाऊ, आता गिऱ्हाइकाला काय सांगसाल?"

"आता मापच सांगू," सर म्हणाले.

ती दोघं गेली. मी पिशवीतून निळी टाय काढून बाकड्यावर ठेवली. सरांनी ती उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं. एकही टाका सुटलेला नव्हता. घडी करून त्यांनी ती मशीनच्या खणात ठेवली. मला परत दिली नाही. मग स्टुलावर चढून खिळ्यावरची जांभळी काढली, झटकली आणि मागची शिवण उसवायला घेतली. खिळ्याखालची भिंत त्या टायच्या आकारात पांढरी राहिली होती.

मला वाटलं, उठावं आता. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि माफी मागायची म्हणजे त्यांच्याकडून पुन्हा काहीतरी घ्यायचं. मी उभा राहिलो.

"थांबा," ते मान वर न करता म्हणाले. "निळी तुमाला आता पुरत न्हाई. ही तुमचीच हाय. हिच्यातून तुमच्या मापाची निघंल. इकडं या."

मी पुढे गेलो. त्यांनी माझे खांदे बघितले, कॉलर बघितली, चेहरा बघितला. चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबले. मग उजव्या हाताची बोटं जुळवून माझ्या छातीवर आडवी ठेवली. बोटं गार होती. बाहेर देवळाकडे माणसं चालली होती. ते मोजत नव्हते. नुसते थांबले होते.

"श्वास सोडा, सर," ते म्हणाले. "माप खोटं येऊन राहिलं."